गाडीत सबवूफर बसवताना: बॅटरीपासून कॉइलपर्यंतचं वायरिंग

नवा वूफर बसवला, पहिले दोन दिवस मजा आली, आणि मग लक्षात आलं की प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिणमिणतात. आवाज वाढवला की दणका येण्याऐवजी फडफड ऐकू येते. अर्ध्या तासाने ॲम्प्लिफायरचा लाल दिवा लागतो आणि सगळं गप्प होतं. ही तक्रार घेऊन माणूस दुकानात गेला की त्याला आणखी मोठा ॲम्प दाखवला जातो. पण दोष बहुतेक वेळा ॲम्पमध्येही नसतो आणि वूफरमध्येही नसतो. तो असतो बॅटरीपासून डिकीपर्यंत आणलेल्या वायरमध्ये, अर्थिंगच्या एका बोल्टमध्ये, किंवा वूफरच्या कॉइल ज्या पद्धतीने जोडल्या आहेत तिच्यात. दुकानातली सगळी बोलणी वॉटवर होतात. ती वायरपासून सुरू झाली तर ग्राहकाचे पैसे वाचतील आणि गाडीही सुरक्षित राहील.

सोयीसाठी एक उदाहरण धरू. छोटी हॅचबॅक गाडी, बॅटरी बोनेटखाली. डिकीत १२ इंची वूफर, त्याला प्रत्येकी ४ ओहमच्या (ओहम म्हणजे विद्युतरोधाचं माप) दोन कॉइल. सोबत २ ओहमवर ३०० वॉट आरएमएस देणारा मोनो ॲम्प. पुढे मी ॲम्प्लिफायरला ‘ॲम्प’ म्हणेन आणि करंटच्या मापाला पूर्ण ‘ॲम्पियर’, म्हणजे घोटाळा नको.

आरएमएस हा शब्द आधी स्पष्ट करायला हवा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १५०० किंवा ३००० वॉट लिहिलेलं असतं. तो पीक पॉवरचा, म्हणजे क्षणभर मिळणाऱ्या जोराचा, किंवा त्याहून फुगवलेला पीएमपीओचा आकडा. वायरिंगच्या हिशेबात त्याचा काहीच उपयोग नाही. ॲम्प सतत किती वॉट देऊ शकतो ते आरएमएस सांगतं. सीईए-२००६ नावाचं एक मानक आहे. त्याप्रमाणे मोजलेला आकडा १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या लोडला आणि जास्तीत जास्त १ टक्का विकृती धरून दिलेला असतो. माहितीपत्रकात हे नाव दिसलं तर त्या आकड्यावर बराच भरवसा ठेवता येतो.

करंट किती लागणार

वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले ॲम्पियर. सगळा हिशेब या एका ओळीवर चालतो. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात. आपला ॲम्प वूफरला ३०० वॉट देतो, पण बॅटरीकडून घेताना तो जास्त घेतो, कारण थोडी वीज त्याच्या आत उष्णता होऊन जाते. आजकालचे बहुतेक मोनो ॲम्प क्लास डी जातीचे असतात. त्यांची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ३७५ वॉट घेतले जातील. भागिले १३.८, म्हणजे सुमारे २७ ॲम्पियर. जुन्या क्लास एबी जातीचा ॲम्प असेल तर कार्यक्षमता जेमतेम ५५ टक्के, आणि तेवढ्याच आवाजासाठी जवळपास ४० ॲम्पियर.

५५ वॉटचे दोन्ही हेडलाइट मिळून साधारण ८ ॲम्पियर घेतात. म्हणजे पूर्ण आवाजात आपला ॲम्प एकटा हेडलाइटच्या तिप्पट करंट ओढतो. संगीतात हा जोर सलग नसतो, ठोक्याठोक्याला येतो, त्यामुळे सरासरी बरीच कमी निघते. पण वायर सरासरीसाठी निवडून चालत नाही, ती ठोक्यासाठीच निवडावी लागते.

वायर: इथे काटकसर नको

विहिरीवरच्या मोटरला लांबून बारीक केबल टाकली की काय होतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मीटरपाशी व्होल्टेज पूर्ण असतं, मोटरपाशी पडलेलं असतं, आणि मोटर घुमते पण पाणी चढत नाही. डिकीतल्या ॲम्पचंही तेच. फरक एवढाच की इथे आपल्याकडे २३० नाही, १२ व्होल्ट आहेत, म्हणून एक व्होल्टचं नुकसानसुद्धा भारी पडतं.

बॅटरीपासून डिकीपर्यंत वायर साधारण ५ मीटर लागते. कित्येक गाड्यांत घरातल्या वायरिंगची २.५ स्क्वेअर एमएमची वायर टाकलेली दिसते. तिच्यात २७ ॲम्पियरला सुमारे १.१ व्होल्ट वाटेतच गळतात आणि वायर स्वतः २९ वॉटने तापत राहते, तीही गालिच्याखाली, जिथे वारा नाही. ४ स्क्वेअर एमएम घेतली तर नुकसान ०.६७ व्होल्ट. १० स्क्वेअर एमएम घेतली तर पाव व्होल्टच्या आसपास. आपल्या उदाहरणासाठी १० योग्य, १६ मिळाली तर उत्तम, कारण पुढेमागे मोठा ॲम्प लावायचा झाला तर वायर बदलावी लागत नाही. कार ऑडिओच्या दुकानात मापं गेजमध्ये सांगतात आणि तिथे आकडा जितका लहान तितकी वायर जाड: ८ गेज म्हणजे सुमारे ८.४ स्क्वेअर एमएम, ४ गेज म्हणजे सुमारे २१.

यात एक फसवणूक सर्रास चालते. तयार ‘ॲम्प किट’मधली जाडजूड, पारदर्शक लाल वायर बऱ्याचदा तांब्याची नसतेच. ती सीसीए असते, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा. तिचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा अधिकच असतो. काही वायरमध्ये तर प्लास्टिकच जाड असतं आणि आतला धातू बारीक. ओळखायची युक्ती सोपी आहे. एक बारीक तार काढून ब्लेडने खरवडा. आत चंदेरी पांढरा धातू निघाला तर ती सीसीए. उलट तार बाहेरून चंदेरी आणि आतून तांबूस निघाली, तर ते कथील चढवलेलं अस्सल तांबं आहे, आणि दमट हवेत ते साध्या तांब्यापेक्षा जास्त टिकतं. सीसीए वापरूच नये असं नाही, पण मग एक माप जाड घ्यावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत शोधलं तर मीटरवर शुद्ध तांब्याची मऊ, बारीक तारांची वायर मिळते. किटपेक्षा थोडी महाग पडते. या सगळ्या कामात जास्तीचे पैसे घालायची सर्वांत योग्य जागा तीच.

फ्यूज कुणासाठी असतो

ॲम्पवर स्वतःचा फ्यूज असतो, मग बॅटरीपाशी आणखी एक कशाला, हा प्रश्न हमखास येतो. उत्तर नीट समजून घ्या, कारण आगीचा धोका इथेच आहे. बॅटरीपाशी लावलेला फ्यूज ॲम्पसाठी नसतो. तो वायरसाठी असतो.

लाल वायर बोनेटमधून केबिनमध्ये येताना पत्र्याच्या भोकातून येते. पत्र्याची धार, इंजिनाची थरथर आणि काही महिने, एवढ्यावर प्लास्टिक कापलं जातं. आतलं तांबं बॉडीला लागलं की सरळ शॉर्टसर्किट, कारण गाडीची पूर्ण बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. चांगली बॅटरी अशा वेळी काही शे ॲम्पियर ओतते. वायर काही सेकंदांत लाल होते आणि शेजारचं जे असेल ते पेटवते. डिकीतल्या ॲम्पचा फ्यूज तेव्हा शाबूत राहतो, कारण हा करंट तिथपर्यंत पोहोचतच नाही. तो वाटेतच बॉडीत उतरलेला असतो. म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वायरच्या अंतराने ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, आणि जितका जवळ तितका चांगला. फ्यूजच्या आधीचा तुकडा बिनसंरक्षणाचाच राहतो.

फ्यूज किती ॲम्पियरचा घ्यायचा? ॲम्पला लागतो त्यापेक्षा कमी नको आणि वायरला झेपतो त्यापेक्षा जास्त नको. ॲम्पवर ४० ॲम्पियर असेल तर इथेही ४० चालेल, १० स्क्वेअर एमएम तांब्याला तो आरामात झेपतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून ८० चा टाकणं किंवा, त्याहून वाईट, तारेचा तुकडा गुंडाळणं, म्हणजे पेटण्याची जबाबदारी फ्यूजकडून काढून वायरकडे देणं.

सीएनजी गाडी असेल तर हा भाग दुप्पट काळजीने करा. आपल्याकडे सीएनजीवर चालणाऱ्या हॅचबॅक पुष्कळ, आणि त्यांच्या डिकीत सिलिंडर असतो. अशा गाडीत वूफरचा मोठा डबा बसवण्यापेक्षा सीटखाली मावणारा ॲक्टिव्ह वूफर बरा. त्यात ॲम्प आतच असतो आणि करंटही कमी लागतो. त्यालाही बॅटरीपासून स्वतंत्र वायर आणि फ्यूज लागतोच. गॅसची नळी, व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरचे पट्टे यांना वायर बांधायची नाही, त्यांच्याजवळ स्क्रू मारायचा नाही.

वायर नेताना

सुरुवात बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून. आधी निगेटिव्हच का? पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला तर तिथेच शॉर्ट होतं. निगेटिव्ह आधी निघालेलं असेल तर पाना कुठेही लागला तरी काही होत नाही. जोडताना उलटा क्रम: निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात कंपनीचं वायरिंग जिथून आत येतं तिथे ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या धारेवर बसणारी रबरी कडी, असतो. त्यातूनच जागा काढावी. नवं भोक पाडावंच लागलं तर त्यात ग्रोमेट हवाच, आणि पलीकडे काय आहे ते पाहिल्याशिवाय ड्रिल लावायचं नाही. आत आल्यावर वायर पेडलच्या आणि स्टिअरिंगच्या दांड्याच्या वाटेत येता कामा नये. तिथून दाराखालच्या प्लास्टिकच्या पट्टीखालून ती मागे जाते. पिवळ्या पाइपमधली किंवा पिवळ्या कपलरची वायर दिसली की हात मागे घ्या, ती एअरबॅगची असते. डिकीत डबा पक्का करताना तळाच्या पत्र्यात स्क्रू मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा, कारण मागच्या सीटखाली बहुतेक गाड्यांची पेट्रोलची टाकी असते.

जाड वायर ड्रायव्हरच्या बाजूने नेली असेल तर आवाजाची आरसीए केबल दुसऱ्या बाजूने न्या. दोन्ही एकत्र बांधल्या की गुणगुण शिरायला वाट मिळते.

अर्थिंग

करंट डिकीत जातो तेवढाच बॅटरीकडे परतही यावा लागतो. २७ ॲम्पियर जाणार असतील तर २७ ॲम्पियर येणार. ही गोष्ट इतकी साधी आहे, तरी लाल वायर जाड घेऊन काळी बारीक टाकलेल्या गाड्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. काळी वायर लाल वायरच्याच मापाची हवी आणि ४५ सेंटिमीटरपेक्षा आखूड असेल तर चांगलं. ती ॲम्पजवळच बॉडीच्या पत्र्याला जोडायची, तिथून पुढे परतीचा रस्ता म्हणजे बॉडी.

जोडायची जागा मजबूत पत्र्याची, चासीला वेल्ड झालेली निवडा. तिथला रंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. रंग आणि प्रायमर दोन्ही वीज अडवतात, आणि रंगावरच बोल्ट आवळलेला असला की संपर्क फक्त बोल्टच्या आट्यांपुरता राहतो. वायरच्या टोकाला तांब्याचा लग (भोकाचं टर्मिनल) क्रिम्प करा, म्हणजे दाबून घट्ट बसवा, खाली दातेरी वॉशर, वर नट. घट्ट झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावा. कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंजतो आणि मग अर्थिंग हळूहळू कमजोर होत जातं. सीटबेल्टचा बोल्ट आयता समोर दिसतो, पण त्याला हात लावायचा नाही. त्याची आवळणी जीव वाचवण्यासाठी ठरवलेली असते.

अर्थिंग चांगलं आहे का हे ओहम मोजून नीट कळत नाही, इतके लहान आकडे साध्या मल्टिमीटरला पकडता येत नाहीत. खरी चाचणी करंट वाहत असताना घ्यायची. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक ॲम्पच्या ग्राउंड स्क्रूला, दुसरं लांब वायर लावून बॅटरीच्या निगेटिव्हला. दणदणीत बेस असलेलं गाणं लावा. मीटरवर ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बोल्ट, लग किंवा इंजिनखोलीतली बॅटरी ते बॉडी ही पट्टी, यांपैकी काहीतरी सैल किंवा गंजलेलं आहे. नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, तो बॅटरीतून आला-गेला करंट मोजतो. अशा गाडीत काळी वायर थेट निगेटिव्ह पोलला जोडू नका, बॉडीलाच जोडा, म्हणजे सेन्सरचा हिशेब बिघडत नाही.

रिमोट आणि आवाजाची वायर

जाड वायरमधून ॲम्पपाशी करंट कायम हजर असतो. ॲम्पने कधी जागं व्हायचं हे रिमोटची बारीक वायर सांगते. स्टीरिओच्या मागे ती बहुतेक निळ्यावर पांढरी रेघ अशी असते. काही अँड्रॉइड स्टीरिओवर तिला अँटेना किंवा ॲम्प कंट्रोल म्हटलेलं असतं. तिच्यातून अगदी किरकोळ करंट जातो, ०.७५ स्क्वेअर एमएम पुष्कळ झाली. ती कायमच्या १२ व्होल्टला जोडली तर गाडी बंद असतानाही ॲम्प जागा राहील आणि सकाळी गाडीला धक्का मारावा लागेल. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी जेमतेम ३५ ॲम्पियर-अवरची असते.

स्टीरिओला मागे आरसीएच्या गोल पिना असतील तर आवाज तिथून घ्या. कंपनीच्या स्टीरिओला बऱ्याचदा त्या नसतात. मग मागच्या स्पीकरच्या वायरमधून आवाज काढून ॲम्पच्या हाय-लेव्हल इनपुटला द्यायचा. ती सोय ॲम्पमध्ये नसेल तर मध्ये लाइन कन्व्हर्टर लावायचा, तो स्पीकरचा सिग्नल आरसीएच्या पातळीवर आणतो. बाजारातल्या स्टीरिओत मागचा डावा स्पीकर हिरवा आणि उजवा जांभळा, काळ्या रेघेची वायर निगेटिव्ह, असा रंगांचा रिवाज आहे. गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग वेगळे असू शकतात, तिथे कंपनीचा वायरिंग नकाशा बघावा. वायर कापण्याऐवजी त्या मॉडेलचा तयार कपलर घ्या. वॉरंटीचं भांडण टळतं आणि गाडी विकताना सगळं पूर्ववत करता येतं.

कॉइलची जोडणी

आता वूफर. ॲम्प जळण्याची सर्वांत जास्त कारणं इथे सापडतात, म्हणून थोडं थांबून बघू.

वूफरचा समोरचा हलणारा पडदा म्हणजे कोन. त्या कोनामागे तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, ती कॉइल. तिचा रोध ओहममध्ये मोजतात. ओहम जितके कमी, तितका ॲम्पकडून करंट जास्त ओढला जातो. आपल्या वूफरला ४ ओहमच्या दोन कॉइल आहेत, म्हणजे चार टर्मिनल. पॅरलल जोडणीत दोन्ही प्लस एकत्र, दोन्ही मायनस एकत्र. करंटला दोन वाटा मिळतात आणि एकूण रोध २ ओहम होतो. सीरिज जोडणीत पहिलीचा मायनस दुसरीच्या प्लसला, आणि उरलेली दोन टोकं ॲम्पला. करंटला एकामागून एक दोन्ही कॉइल पार कराव्या लागतात, रोध ८ ओहम. आपला ॲम्प २ ओहमला ३०० वॉट देतो, म्हणून आपण पॅरलल जोडणार. सीरिजमध्ये काही बिघडणार नाही, फक्त वॉट बरेच कमी मिळतील.

आता समजा दुकानदाराने ४-४ ऐवजी २-२ ओहमचा वूफर दिला. दिसायला तोच, किंमतही तीच. तो पॅरलल जोडला की १ ओहम. ॲम्पच्या माहितीपत्रकात किमान २ ओहम लिहिलं असेल तर ॲम्प त्याच्या कुवतीबाहेरचा करंट द्यायला बघेल, तापेल, प्रोटेक्टचा लाल दिवा लावेल, आणि ते संरक्षण साधारण दर्जाचं असेल तर एक दिवस जळेल. हा वूफर सीरिजमध्ये, ४ ओहमवरच लावायला हवा. म्हणजे खरेदी करतानाच ॲम्पचे किमान ओहम आणि वूफरच्या कॉइल यांची जोडी जुळवायची. घरी आणल्यावर ती जुळवता येत नाही.

मोनो ॲम्पला स्पीकरसाठी टर्मिनलच्या दोन जोड्या दिसतात आणि माणसाला वाटतं हे दोन चॅनल आहेत. तसं नसतं. बहुतेक मोनो ॲम्पमध्ये त्या दोन्ही जोड्या आतून एकमेकांना जोडलेल्या असतात, केवळ वायर लावायच्या सोयीसाठी. एका जोडीला एक ४ ओहमची कॉइल, दुसरीला दुसरी लावली तर ते पॅरललच झालं, २ ओहम. पण दोन्ही जोड्यांना २-२ ओहमचे दोन वूफर लावले की झाले १ ओहम.

दोन किंवा चार चॅनलचा ॲम्प ब्रिज करून, म्हणजे दोन चॅनल एकत्र जोडून, वूफर चालवायचा असेल तर लक्षात ठेवा की ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला लोडचा अर्धाच रोध दिसतो. ४ ओहमचा वूफर लावला तर प्रत्येक चॅनलच्या दृष्टीने तो २ ओहमचा. म्हणून असे ॲम्प ब्रिजमध्ये बहुधा ४ ओहमच्या खाली चालत नाहीत.

एक चूक अशी आहे की वायरिंग पूर्ण दिसतं, ॲम्प चालू असतो, आणि वूफर जवळपास मुका. एका कॉइलचे प्लस-मायनस उलटे झालेले असतात. एक कॉइल कोनाला पुढे ढकलते, दुसरी मागे ओढते, कोन जागच्या जागी राहतो आणि सगळी वीज दोन्ही कॉइल तापवते. खात्री करायला घड्याळातला दीड व्होल्टचा सेल पुरतो. ॲम्पपासून वायर सोडवून कॉइलच्या प्लसला सेलचा प्लस क्षणभर टेकवा, कोन बाहेर यायला हवा. दोन्ही कॉइलना वेगवेगळं तपासा. मल्टिमीटरने ओहमही मोजून घ्या. ४ ओहमची कॉइल मीटरवर थोडी कमी, ३.२ ते ३.८ च्या दरम्यान दिसते, त्यात गैर काही नाही. एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडू नका, वूफरची वीज पचवायची ताकद निम्मी होते.

ॲम्पपासून वूफरपर्यंत २.५ स्क्वेअर एमएमची वायर चालते. ३०० वॉट २ ओहमवर म्हणजे सुमारे १२ ॲम्पियर, आणि अंतर एखाद मीटर. इथे फक्त एक पथ्य: स्पीकरची मायनस वायर बॉडीला लावायची नाही. बॉडीला लागते ती फक्त ॲम्पची काळी पॉवर वायर.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

ॲम्पवरचं ‘गेन’चं बटण कुणीतरी शेवटपर्यंत फिरवून ठेवतं आणि दोन महिन्यांत वूफरच्या कॉइलचा जळका वास येतो. गेनचं काम स्टीरिओच्या आवाजाची पातळी ॲम्पशी जुळवून घेणं एवढंच. ते गरजेपेक्षा वाढवलं की ॲम्प त्याच्याकडे नसलेलं व्होल्टेज द्यायला बघतो आणि लहरीची वरची-खालची टोकं सपाट कापली जातात. याला क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लहरीत सरासरी वॉट वाढलेले असतात, अगदी चौकोनी झाली तर दुप्पट, आणि ते सगळे कॉइलला उष्णता म्हणून सोसावे लागतात.

नीट लावायची रीत अशी. वूफरची वायर ॲम्पपासून काढा. बास बूस्ट शून्य. स्टीरिओचा इक्वलायझर सपाट. इंजिन चालू. स्टीरिओचा आवाज कमालच्या तीन चतुर्थांशावर ठेवून ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर करून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलना लावा. आपल्याला हवेत तेवढे वॉट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. ३०० गुणिले २ म्हणजे ६००, वर्गमूळ २४.५. गेन शून्यापासून हळूहळू वाढवत मीटरवर २४.५ व्होल्ट आले की थांबा. ॲम्प बंद करून वूफर परत जोडा. वूफर ॲम्पपेक्षा कमी वॉटचा असेल तर हिशेबात वूफरचे वॉट धरा.

लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, त्यावरचा आवाज दारातले स्पीकर सांभाळतात. डब्याला हवेचं भोक असेल तर सबसॉनिक फिल्टर २५ ते ३० हर्ट्झवर लावा. भोकाच्या डब्यात त्याहून खालच्या आवाजाला कोनामागे हवेचा आधार राहत नाही आणि तो सैरभैर हलतो. बास बूस्टला शक्यतो हात लावू नका. ६ डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या पट्ट्यात चौपट वॉटची मागणी.

दिवे मिणमिणतात तेव्हा

सुरुवातीच्या तक्रारीचं निदान मल्टिमीटरने पाच मिनिटांत होतं. जोरात बेस वाजत असताना आधी बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्ट बघा, मग ॲम्पच्या टर्मिनलवर. बॅटरीपाशी १३.८ टिकून आहेत पण ॲम्पपाशी १२.५ दिसतात, तर वायर बारीक आहे किंवा अर्थिंग सैल. बॅटरीपाशीच आकडा पडतो आहे, तर वायर कितीही जाड टाका, दिवे मिणमिणतच राहतील. बॅटरी थकली आहे, किंवा इंजिन, बॉडी आणि बॅटरी यांना जोडणाऱ्या मूळ पट्ट्या गंजल्या आहेत, किंवा अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला, हा भार झेपत नाही. छोट्या गाडीचा अल्टरनेटर साधारण ६० ते ९० ॲम्पियरचा असतो आणि त्यातच हेडलाइट, एसीचा पंखा, पेट्रोल पंप सगळं भागवायचं असतं. ३०० वॉटचा ॲम्प त्यात बसतो. हजार-दीड हजार खऱ्या वॉटचा बसवायचा तर आधी अल्टरनेटरचा विचार करावा लागतो.

या टप्प्यावर ‘१ फॅरडचा कॅपॅसिटर लावा’ असा सल्ला नक्की मिळेल. हिशेब करून बघा. १४ व्होल्टवरून १२ वर येईपर्यंत तो २६ ज्यूल ऊर्जा देतो. आपला ॲम्प पूर्ण जोरात सेकंदाला ३७५ ज्यूल खातो. म्हणजे एका सेकंदाच्या चौदाव्या हिश्शाइतकी मदत, आणि लगेच तोच कॅपॅसिटर पुन्हा भरायला करंट मागतो. तेच पैसे जाड तांब्यात आणि चांगल्या बॅटरीत घाला.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू आली तर ती अल्टरनेटरची. पहिला संशय ॲम्पच्या अर्थिंगवर घ्यायचा, दुसरा जाड वायरजवळून गेलेल्या आरसीए केबलवर. फिल्टर विकत घेण्याआधी हे दोन्ही तपासा.

विम्याबद्दल एक गोष्ट: कंपनीच्या यादीत नसलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी मोटार विम्यात आयएमटी २४ नावाची वेगळी तरतूद आहे. सिस्टीम महाग असेल तर बिलं जपून ठेवा आणि नूतनीकरणाच्या वेळी ती जाहीर करून घ्या.

सगळं जोडून झाल्यावर अर्धा तास जोरात वाजवा, मग गाडी बंद करून फ्यूजचा होल्डर, प्रत्येक लग आणि अर्थिंगचा बोल्ट हाताने चाचपा. वायर कोमट लागली तर चालेल. पण एखादा सांधाच वायरपेक्षा जास्त गरम लागला, तर तिथली क्रिम्पिंग किंवा आवळणी कच्ची आहे, ती परत करा. तांबं दाबलं गेल्यावर थोडं बसतं, म्हणून पंधरा दिवसांनी सगळे स्क्रू आणखी एकदा आवळून घ्या. तेव्हाही आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं.